शिवरात्रीची पहाट, काकूंचं खळं आणि ओमेगा सेंटॉरी

पिरनवाडी, किणये, जांबोटी करत कणकुंबीच्या अलीकडच्या काकूंच्या गावात पोचेपर्यंत अंधार पडला होता. गाडी भाऊ चालवत होता आणि सहा इंची दुर्बिणीची नळी मी मांडीवर घेतली होती. प्रत्येक खड्ड्याला जीव खालीवर होत होता. दिवसाचं बाकी काही लिहिण्यासारखं नाही. रताळ्यांचं मात्र लिहायलाच हवं. शिवरात्रीला आमच्या बेळगावचा बाजार रताळ्यांनी भरून जातो, पण काकूंनी चुलीच्या आरात भाजलेलं, साल काढताना बोटं पोळणारं ते रताळं खाल्ल्यावर उपवास आहे हे विसरायला होतं.

मी गेले होते ओमेगा सेंटॉरीसाठी. नरतुरंग तारकासमूहातला हा तारकागुच्छ. त्यात सुमारे एक कोटी तारे आहेत आणि ते आपल्यापासून साधारण १७ हजार प्रकाशवर्षं लांब आहेत. नुसत्या डोळ्यांना तो धूसर ताऱ्यासारखा दिसतो, म्हणून तर त्याला ताऱ्याचं ग्रीक अक्षर चिकटलं. हा तारा नव्हे, हे १६७७ मध्ये सेंट हेलेना बेटावरून एडमंड हॅलीने ओळखलं.

आकाश बघायचं म्हटलं की आमच्या ओळखीतले सगळे लडाखची तिकिटं काढतात. तिथल्या हानलेचं आकाश काळंभोर आहे, वाद नाही. पण हा गुच्छ तिथे क्षितिजापासून जेमतेम दहा अंश वर येतो. काकूंच्या खानापूर तालुक्यातून तो सत्तावीस अंश चढतो, म्हणजे हात लांब करून धरलेल्या जवळजवळ तीन मुठी. दक्षिणेचं हे वैभव आपल्या दारात आहे आणि ते आपल्यालाच ठाऊक नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

शिवरात्र निवडली ती चंद्रासाठी. अमावस्या तोंडावर आलेली असते, चंद्राची कोर उगवते ती पार उजाडायच्या बेताला. फेब्रुवारीच्या शेवटी हा गुच्छ पहाटे साडेतीन-पावणेचारला ऐन दक्षिणेला येतो. शोधायला सोपा आहे. चित्रा दक्षिणेला सर्वात उंच आली की नजर सरळ खाली उतरवायची. दोघं मध्यमंडल, म्हणजे डोक्यावरून जाणारी दक्षिणोत्तर रेषा, ओलांडतात ते दोनच मिनिटांच्या फरकाने.

काकूंचं खळं घरामागे आहे. बेळगावचा उजेड पाठीशी राहतो आणि समोर भीमगडचं रान. अशी जागा शोधून सापडायची नाही. तीन वाजता दुर्बीण मांडली आणि मान वर केली, तर दक्षिणेलाच देवळावरचा नवा हॅलोजन. खळ्यातला पेंढा न् पेंढा मोजता येईल इतका उजेड. गेल्या वर्षी तिथे एक पिवळा बल्ब होता. मला रडूच आलं. वर्षभर ज्या रात्रीची वाट पाहिली, ती एका दिव्यानं खाल्ली होती. आणि देवाच्या जागराला दिवा मालवा म्हणून सांगणारी मी कोण?

काकू शाल गुंडाळून बाहेर आल्या. ‘काय झालं गं? दिसंना व्हय?’ मी दिव्याकडे बोट दाखवलं. त्या काहीच बोलल्या नाहीत. चपला घातल्या आणि देवळाकडे चालू लागल्या. थोड्या वेळाने टाळ थांबले. हॅलोजन गेला.

गाभाऱ्यातली समई तेवढी राहिली. डोळे अंधाराला सरावायला वीस मिनिटं लागली. मग हस्त दिसला, चित्रा दिसली, खाली झाडांच्या शेंड्यांवर त्रिशंकू, डावीकडे मित्र आणि मित्रक हे तारे. आणि चित्रेच्या थेट खाली तो पुसट ठिपका. दुर्बिणीत आधी दुधाळ गोळा दिसला. भिंग हळूहळू फिरवत गेले तसा तो कडेकडून दाणेदार होत गेला, आणि शेवटी मधल्या दाटीतही कण वेगळे व्हायला लागले.

तोवर भजनातली माणसं खळ्यात आली होती. पखवाज वाजवणारे आजोबा पुढे झाले. एक डोळा हाताने झाकून ते इतका वेळ बघत राहिले की मागची पोरं चुळबुळ करू लागली.

‘रांगोळी सांडल्यागत हाय,’ ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, ‘ही सगळी चांदण्या व्हय?’

मी हो म्हटलं. या दाटीच्या मधोमध एक कृष्णविवर असावं, असं हबल दुर्बिणीच्या वीस वर्षांच्या फोटोंवरून २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं, तेही सांगितलं. आजोबांनी पुन्हा डोळा लावला. त्यांच्यामागे पंधरा-वीस माणसं उभी होती, आणि प्रत्येकाला बघायचंच होतं.

सगळ्यांचं बघून झाल्यावर मंडळी देवळात परतली आणि भजन समईच्या उजेडातच पुन्हा सुरू झालं. अभंग सगळ्यांना पाठ होते.

नळीवर दव धरलं होतं, ते काकू पदराने पुसायला लागल्या. भिंगाला लावू नका, एवढंच म्हटलं. त्यांनी विचारलं, ‘हे जरा लवकर दिसत न्हाई व्हय? झोपायच्या आधी?’ दिसतं की. चैत्री अमावस्येच्या सुमारास साधारण साडेअकराला याच जागी येतं. फक्त वळवाचे ढग आड येऊ नयेत.

‘मग तवाच ये की,’ काकू म्हणाल्या. ‘करवंदंबी झालेली असतात. दिव्याचं मी आधीच सांगून ठेवते.’