आडाळो, तिसरे आणि गेलेली लाईट

मे महिन्याची अखेर, मालवणजवळचं आमचं घर, आणि वळवाच्या एका सरीत लाईट गेलेली. "खयतरी माड पडलो असतलो तारेर," काकी म्हणाली, विषय संपला. पाऊस गेल्यावर आभाळ लख्ख झालं म्हणून जेवून खळ्यात खाट टाकली. पडवीच्या पायरीवर काकीचा आडाळो, म्हणजे आमची विळी, तसाच, बाजूला तिसऱ्यांच्या शिंपल्यांचा ढीग. एकशिपी (तिसऱ्यांचं, एका शिंपीसकट केलेलं कालवण) खाऊन पोट इतकं भरलेलं की उचलणार कोण.

अकराच्या सुमारास आग्नेयेला विंचवाची शेपटी, तिच्या डावीकडे धनू, आणि तिथे आकाशगंगा एकदम दाट, साय धरल्यासारखी. आपल्या दीर्घिकेचं केंद्र तिकडेच, साधारण 26,000 प्रकाशवर्षं लांब, पण मधे धूळच धूळ. लाईट जाण्याचा खरा फायदा वाल्टर बाडे या खगोलशास्त्रज्ञाला झाला. दुसऱ्या महायुद्धात लॉस एंजेलिसला ब्लॅकआऊट, हा पडला जर्मन, युद्धाच्या कामाला कोण घेणार, मग तिथल्या माउंट विल्सन वेधशाळेची 100 इंची दुर्बीण आणि हा. देवयानी (अँड्रोमेडा) या शेजारच्या दीर्घिकेच्या गाभ्यातले तारे त्याने सुटे सुटे पाहिले, 1944 मध्ये छापलं. पुढे धनू राशीत धुळीतली एक विरळ जागा हेरली, तिच्यातून आपल्या केंद्राजवळचे तारे दिसतात, तिला अजून बाडेची खिडकी म्हणतात.

त्या खिडकीतले बरेचसे तारे 10 अब्ज वर्षांच्या आसपासचे. इतके म्हातारे म्हणजे आधीच्या ताऱ्यांनी धातू शिजवून उधळायच्या आधीचे, त्या बाबतीत कंगाल असणार असं वाटतं ना, (खगोलवाले हेलियमच्या पुढच्या सगळ्यालाच धातू म्हणतात, ऑक्सिजनलासुद्धा, आमच्या केमिस्ट्रीच्या बाईंनी पट्टीच काढली असती), पण त्यातल्या कितीतरी ताऱ्यांत लोखंड सूर्यापेक्षा जास्त. कारण तिथे गॅस भरपूर आणि घाई प्रचंड. मोठे तारे काही कोटी वर्षांच्या आत फुटतात आणि ऑक्सिजन, मॅग्नेशियम, कॅल्शियम उधळतात, त्यातून लगेच पुढची पिढी. लोखंडाचा मोठा वाटा मात्र श्वेतबटूंच्या (विझलेल्या छोट्या ताऱ्यांच्या उरलेल्या गाभ्यांच्या) स्फोटातून येतो, आणि ते बसतात रेंगाळत, पुष्कळदा अब्जभर वर्षं. म्हणून तिथल्या कमी धातूंच्या ताऱ्यांत लोखंडाच्या मानाने मॅग्नेशियम जास्त सापडतं, म्हणजे लोखंड पोचायच्या आधीच ते जन्मून मोकळे.

मग मला पायरीवरचा ढीग वेगळाच दिसायला लागला. शिंपल्यांतलं कॅल्शियम बहुतेक त्या घाईवाल्यांचं, आणि आडाळ्याचं लोखंड पुष्कळसं मागाहून आलेलं. काकीला हे सगळं उत्साहाने सांगितलं.

"मागसून इला नि पयला गंजता ताच," ती म्हणाली. "तो आडाळो आधी घरात हाड, पावस परत इलो तर?"