वंडूरच्या धक्क्यावर पिशवी रिकामी करताना

अंदमानातल्या वंडूरच्या धक्क्यावर कर्मचाऱ्यांनी प्लास्टिक शोधायला प्रत्येकाची पिशवी उघडायला लावली, तेव्हा रांगेतल्या बऱ्याच जणांच्या कपाळाला आठ्या पडल्या. माझ्या पिशवीतून बिस्किटांचे दोन पुडे, शाम्पूची पुडी आणि एक कॅरीबॅग निघाली. बिस्किटे बहिणीच्या स्टीलच्या डब्यात गेली, वेष्टने तिथेच राहिली. पाण्याच्या बाटल्या मोजून त्यांची अनामत रक्कम भरून घेतली गेली. परतताना तेवढ्याच बाटल्या दाखवल्या तरच ती परत मिळते. मला ही पद्धत मनापासून पटली, कारण आम्ही जिथे निघालो होतो त्या जॉली बॉय बेटावर वस्ती नाही, दुकान नाही आणि आपण टाकलेले उचलायला मागून कोणी येणार नाही.

महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान १९८३ साली अस्तित्वात आले. सुमारे २८१ चौरस किलोमीटरच्या या क्षेत्रात पंधरा बेटे आहेत, पण पर्यटकांना त्यांपैकी जॉली बॉय आणि रेड स्किन या दोनच बेटांवर जाता येते, तेही आळीपाळीने: पावसाळा सरल्यावर जॉली बॉय, पावसाळ्यात रेड स्किन. पोर्ट ब्लेअरहून (२०२४ पासून त्याचे नाव श्री विजयपुरम झाले आहे) गाडीने वंडूरला यायचे आणि वन विभागाचा परवाना दाखवून बोटीत बसायचे. पुढचा तासभर दोन्ही बाजूंना खारफुटीचे दाट रान असते.

जॉली बॉयला धक्का बांधलेला नाही, त्यामुळे शेवटचे अंतर काचेच्या तळाच्या लहान होडीतून कापावे लागते. काचेखाली सुरुवातीला नुसती वाळू होती, मग प्रवाळाच्या करड्या, मोडक्या फांद्यांचा खच दिसला आणि भाच्याने विचारले, "मावशी, हे सगळं मेलंय का?" बरेचसे मेलेलेच होते. समुद्राचे पाणी फार तापले की प्रवाळातले इवले प्राणी आपल्या पेशींत राहणारे, त्यांना अन्न पुरवणारे सूक्ष्म शेवाळ बाहेर टाकतात आणि प्रवाळ पांढरे पडते; २०१० च्या उन्हाळ्यात अंदमानात हे फार मोठ्या प्रमाणावर घडले. पाणी लवकर निवले तर ते सावरते, नाहीतर उपासमारीने मरते. पण थोडे पुढे मेंदूसारख्या वळ्यांचा एक गोल, हिरवट गोळा आला, परातीएवढा. असे प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढते, म्हणजे तो गोळा बहुधा माझ्या आधीपासून तिथे असणार. त्याच्या कडेला पोपटमासा चोचीने प्रवाळ कुरतडत होता. तो पोटात दळून जे बाहेर टाकतो, त्याचीच पुढे पांढरी वाळू होते.

काही वर्षांपूर्वी मालवणला मी पहिल्यांदा स्नॉर्केलिंग (नळीने श्वास घेत, पाण्यावर तरंगत खाली पाहणे) केले, तेव्हा दम लागल्यावर खाली दिसलेल्या खडकावर खुशाल उभी राहिले होते. तो खडक नव्हता, प्रवाळ होते, हे मला नंतर कळले आणि त्याचे आजही वाईट वाटते. म्हणून या वेळी ज्याला तरंगत राहणे जमत नाही त्याने पाण्यात उतरायचेच नाही, असे आम्ही घरूनच ठरवले होते. बहीण होडीतूनच पाहत राहिली. उन्हापासून बचावासाठी मलमाऐवजी आम्ही पूर्ण बाह्यांचे कपडे घातले, कारण अशा काही मलमांतली रसायने प्रवाळाला घातक ठरू शकतात.

किनाऱ्यावर भाच्याला तुटलेल्या प्रवाळाचा एक शुभ्र तुकडा सापडला आणि तो त्याने खिशात टाकला. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत वाघ आहे, तसेच दगडी प्रवाळही आहे. मेलेला तुकडासुद्धा नेता येत नाही. हे सांगितल्यावर तो थोडा वेळ गप्प राहिला. मग जवळच एक शंख सरपटू लागला, आतल्या खेकड्याचे पाय दिसले आणि असे खेकडे रिकामे शंख शोधूनच त्यांत घर करतात हे कळल्यावर त्याने तो तुकडा आणि खिशातले दोन शंखही जिथून उचलले होते तिथे नेऊन ठेवले.

वंडूरला बाटल्या मोजून झाल्या. आमच्या तिन्ही होत्या. पुढच्या कुटुंबाची एक कमी भरली आणि ते बराच वेळ पिशव्या धुंडाळत उभे होते.