आमची वाटचाल : निळी नळी आणि मिठाचं पाणी

भोसरी एमआयडीसीतला आमचा पहिला गाळा भाड्याचा होता. आत एकच एक्स्ट्रूडर (प्लास्टिकचा दाणा वितळवून नळी काढायचं मशीन), 45 एमएम स्क्रूचा, तोही सेकंडहँड. कर्ज, बायकोच्या बांगड्या, रात्रपाळ्या हे सगळ्यांच्याच वाटचालीत असतं, म्हणून ते सोडून देतो. सुरुवात पीव्हीसीच्या पारदर्शक नळीने केली. मग न्यूमॅटिकची, म्हणजे दाबाच्या हवेवर चालणाऱ्या मशीनची कामं यायला लागली आणि आम्ही नायलॉन 12 वर गेलो. नायलॉन 6 स्वस्त पडतो, पण तो पाणी पितो. पावसाळ्यात नळीचं माप हलतं आणि पुश फिटिंगमधून (नळी नुसती ढकलून बसवायच्या जोडातून) हवा सुटायला लागते. 12 फारसं पाणी पीत नाही. ही सात-आठ वर्षं बरी गेली, त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

31 मार्च 2012 रोजी जर्मनीतल्या मार्ल इथे एका कारखान्यात स्फोट झाला. नायलॉन 12 ज्याच्यापासून बनतो ते सीडीटी नावाचं रसायन तिथे तयार व्हायचं. जगभरच्या गाड्यांच्या कंपन्या माल शोधत फिरत होत्या. तिथे महिन्याला चार गोण्या उचलणाऱ्या भोसरीच्या माणसाला कोण विचारतो? आम्ही पीयूकडे, म्हणजे पॉलियुरेथेनकडे वळलो. पीयू वाकतो छान, रंग छान घेतो, 98 शोअर कडकपणाचा दाणा आमच्या स्क्रूवर चाललाही. फक्त वाळवायला आळस करायचा नाही. दाण्यात ओल राहिली की नळीत बुडबुडे आलेच म्हणून समजा.

पीयू दोन जातींचा, एस्टर आणि ईथर. एस्टर तेलाला आणि घासण्याला चांगला, पण ऊब आणि ओल एकत्र आली की आतून तुटत जातो. ईथर पाण्यात टिकतो. मी ईथर मागितला, ईथरचे पैसे मोजले. गोणीवर ईथर लिहिलेलं होतं, सर्टिफिकेटवरही ईथर.

पुढच्या पावसाळ्यात सांगलीहून अण्णांचा फोन आला. अण्णा दुधाच्या पिशव्या भरायची मशीन बनवतात. आमच्या पहिल्या वर्षापासूनचं गिऱ्हाईक.

"अहो नळीवाले, तुमची नळी हातात मोडायला लागलीया. येऊन बघून जावा."

गेलो. डेअरीत मशीन दिवसातून दोनदा गरम पाण्याने धुतात. आमची 8 बाय 5 ची निळी नळी लांबून नवीकोरी दिसत होती. जवळ जाऊन वाकवली तर अंगभर केसासारख्या चिरा, आणि जरा जोर दिला तर काडीसारखी तुटली. 14 मशीनच्या नळ्या बदलून दिल्या. शिवाय नुकसानभरपाईची डेबिट नोट आली ती वेगळीच. दाण्याचा व्यापारी म्हणाला, तुम्ही नीट वाळवला नसेल.

आता शेजारच्या गल्लीतल्या गृहस्थांबद्दल. दोन वर्षं आमच्याच लाइनवर काम शिकून त्यांनी स्वतःचा गाळा टाकला. त्याला माझी हरकत नव्हती. पण आमच्या तुटलेल्या नळीचा तुकडा खिशात घालून ते प्रत्येक परचेसवाल्याला दाखवत हिंडले. त्यांची नळी त्याच व्यापाऱ्याच्या दाण्याची होती. टेम्पो एकच, आधी आमच्याकडे थांबायचा, मग त्यांच्याकडे. त्यांची गिऱ्हाइकं कोरड्या असेंब्ली शॉपची, तिथे पाण्याचा थेंब नाही, म्हणून त्यांची नळी टिकली. शंभर मीटरच्या कॉइलमध्ये 94 मीटर भरतात हे कोणी मोजलं नाही. मी मोजलंय. तीन कॉइल.

त्या वर्षी सहा मोठी गिऱ्हाइकं गेली आणि दोन महिने पगार उशिरा झाले. अण्णांनी डेबिट नोट काही सोडली नाही, पण दर बिलातून थोडी थोडी कापली आणि ऑर्डर चालू ठेवली. एकच अट घातली, पुढचा दाणा तपासून घ्यायचा.

लॅबला दर गोणीमागे पैसे देणं परवडणारं नव्हतं. एस्टरची घनता 1.20 च्या आसपास, ईथरची 1.15 च्या आसपास. मी बॅटरीवाल्याकडून काचेचा हायड्रोमीटर आणला, ॲसिडची घनता मोजायचा. बादलीत मीठ विरघळवत 1.18 वर काटा आणला, दाण्याला हवेचे बुडबुडे चिकटू नयेत म्हणून भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकला आणि उरलेल्या गोणीतले दहा दाणे सोडले. दहाच्या दहा तळाला गेले. बाजारातून खात्रीचा ईथर मागवून तोही टाकला, तो वर तरंगला. बराच वेळ मी त्या बादलीपाशी उकिडवा बसून होतो.

तर खरेदी करणाऱ्यांनो, रंगावर जाऊ नका. निळा मास्टरबॅच, म्हणजे रंगाचा दाणा, कशातही घालता येतो. पाण्याचं काम असेल तर ऑर्डरवर ईथर लिहून घ्या. वेल्डिंगच्या ठिणग्या उडतात तिथे साधा पीयू लावूच नका, भोकं पडतात. गरम डायजवळ (साच्याजवळ) नायलॉन लावा, आणखी गरम असेल तर पीटीएफई, म्हणजे टेफ्लॉन. महाग आहे, पण 260 डिग्रीपर्यंत चालतो. आणि कॉइल मोजून घ्या.

आज आमच्या तीन लाइन आहेत. हायड्रोमीटर तोच आहे, आलेल्या प्रत्येक गोणीतले दहा दाणे अजून मिठाच्या पाण्यात पडतात. व्यापारी बदलले, टेम्पोवाला जुनाच राहिला. गेल्या आठवड्यात सातपैकी एका गोणीचे दाणे बुडाले. टेम्पोवाल्याने विचारलं, "साहेब, ही परत नेऊ की शेजारच्या गल्लीत उतरवू?"

"तिकडे चालेल," मी म्हटलं.