पंखात दोनशे लिटर पाणी

ग्लायडरच्या, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानांच्या, ज्या स्पर्धांत वजन वाढवायला पंखांत पाणी भरायला बंदी असते त्या म्हणजे पोरखेळ, असं मी बरीच वर्षं ऐटीत सांगायचो. मग एका स्पर्धेत स्वतः पाणी भरून उडायची वेळ आली.

हिशेब सोपा होता. मी, पॅराशूट आणि रिकामं ग्लायडर मिळून ३२५ किलो. पंखांतल्या टाक्यांत २०० लिटर, म्हणजे एकूण ५२५, माझ्या ग्लायडरची कमाल मर्यादा. वजन वाढलं तरी तेवढ्याच उंचीवरून साधारण तेवढंच अंतर कापता येतं, फक्त जास्त वेगात. हा वेग वजनाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो: ताशी ९५ किमीचा १२०. शर्यतीत आणखी काय हवं?

सकाळी पाण्याच्या पाइपापाशी ही भली मोठी रांग. पंख सपाट धरायचे, दोन्हीकडे मोजून सारखं भरायचं. माझं भरून झालं आणि उजव्या व्हॉल्व्हमधून टपटप सुरू. टाकी रिकामी केली, रबरी सीलला ग्रीस फासलं, पुन्हा भरली. मग वजनकाटा. सहा किलो जास्त! थोडं सोडलं, पुन्हा काटा. उड्डाणाआधीच मी घामाने निथळत होतो.

टो विमानाने ओढायला सुरुवात केली, पण वेग काही केल्या येईना. पंख धरून पळणाऱ्याने हात सोडला तेव्हा एलेरॉन, म्हणजे पंख सपाट राखायच्या पंखांवरच्या झडपा, अजून नावालाच होते. उजवा पंख गवताला टेकता टेकता वाचला. स्टॉलचा वेगही, म्हणजे ज्याच्या खाली पंख ग्लायडरला पेलत नाहीत तो, ताशी ६८ वरून ८६ वर गेलेला. धावपट्टी आखूड किंवा टो विमान अशक्त असेल, तर आयोजक पाण्याला नाही का म्हणतात ते मला तिथेच कळलं.

खरी फजिती थर्मलमध्ये, म्हणजे ग्लायडरला वर नेणाऱ्या गरम हवेच्या झोतात झाली. पंख तेवढाच कलवला तरी वर्तुळाची त्रिज्या वजनाच्या प्रमाणात वाढते. माझी दीडपटीहून मोठी झाली होती. थर्मल अरुंद, त्यात वीसेक ग्लायडर घिरट्या घालताहेत, हलके आत, जड बाहेर, प्रत्येकाचा वेग वेगळा. मान सतत फिरती. मी काही वर चढेना. शेवटी बाजूला निघून, खाली कुणी नाही असं पाहून व्हॉल्व्ह उघडले. मागे पांढरे पट्टे, आणि सकाळची सगळी मेहनत हवेत.

थर्मल जोरदार असते, तर गोष्ट वेगळी. दुपारी जोर वाढला तेव्हा पाणी राखून ठेवलेले माझ्या डोक्यावरून सुसाट गेले. ज्या जुन्या ग्लायडरांना टाक्याच नाहीत त्यांनी तेव्हा काय करायचं? क्लब क्लासमध्ये नव्या-जुन्यांना एकत्र उडवायचं म्हणून प्रत्येक प्रकाराला हँडिकॅपचा, म्हणजे ग्लायडरांमधला फरक भरून काढायचा, आकडा असतो. पाणी भरलं की तेच ग्लायडर वेगळंच होऊन बसतं, मग आकडा कुठला लावणार? त्या क्लासच्या जागतिक स्पर्धेतही पाण्याला मनाई आहे, ती मला आता मुळीच जाचक वाटत नाही.

पुढच्या हंगामात मी क्लब क्लासमध्ये नाव घातलं. पहिल्या सकाळी तपासनीसाने व्हॉल्व्ह उघडायला लावले, खाली वाकून पाहिलं आणि मान डोलावली. नळापाशी एकच जण होता, कॅनोपी (कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण) पुसायचं फडकं भिजवत.