नऊ पेट्या, पठाणकोट ते देवळाली

"भाभीजी, पहले बकाया, फिर ताला खुलेगा." पठाणकोटच्या फौजी क्वार्टरसमोर, मे महिन्याच्या उन्हात, ट्रकचा ड्रायव्हर मला हे सुनावत होता. बेळगावहून सामान निघून बारा दिवस झाले होते. बोली होती सहा दिवसांची. ठरलेले पैसे आम्ही केव्हाच दिले होते. आता 'बॉर्डर टॅक्स' म्हणून वर आठ हजार हवे होते. हे ड्यूटीवर, पोरगं माझ्या कडेवर आणि शेजारणीकडून आणलेल्या दोन चटयांवर आमचा संसार. घासाघीस करून सहा हजार दिले. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिलसुद्धा (मालवाहतुकीसाठीचा जीएसटीचा कागद) लागत नाही, हे मला फार नंतर कळलं. टॅक्स कसला डोंबलाचा!

कुलूप उघडल्यावर आणखी एक गंमत. आम्हाला सांगितलं होतं 'पूर्ण गाडी तुमची', आणि आत अर्ध्या गाडीत कुणाचे तरी सोफे. वाटेत कुठल्याशा गोदामात आमचं सामान उतरवून दुसऱ्या गाडीत भरलं होतं. पुठ्ठ्याची खोकी चेपलेली, दोन भिजलेली, एक गायबच. त्यात पुरणयंत्र होतं, बिडाचा तवा होता आणि सासूबाईंनी लग्नात दिलेला पितळी डबा. मी मात्र गडबडीत 'माल सुस्थितीत मिळाला' या कागदावर सही करून बसले होते. पुढे तक्रार केली तर तीच सही माझ्यासमोर धरली.

दर बाकीच्यांपेक्षा एवढा कमी कसा, हे आधी विचारायला हवं होतं. नाही विचारलं.

तीन वर्षांनी देवळालीचं पोस्टिंग आलं, तेव्हा शेजारच्या कोल्हापूरच्या वहिनी म्हणाल्या, "खोकी कसली भरतेस? पेट्या करून घे." वहिनींचे मिस्टर सुबेदार, त्यांची ही आठवी बदली. फौजेत काळ्या पेट्या सगळ्यांकडे दिसतात, पण आमच्याकडे होत्या दोनच, त्याही ह्यांच्या भरतीच्या काळातल्या. छावणीजवळच्या सुताराकडून प्लायवूडच्या सात नव्या करून घेतल्या. कोपऱ्यांना पत्र्याच्या पट्ट्या, कडी-कोयंडा, दोन्ही बाजूंना मूठ. दोन माणसांना उचलता येईल एवढीच मोठी करायची, नाहीतर हमाल ती आपटतातच. भांडी जड म्हणून लहान पेटीत, कपडे-रजया मोठ्या पेटीत. काचेचं सामान रजयांच्या घड्यांत, म्हणजे वेगळी रद्दी लागत नाही. आणि नव्या घरी सामान लागेपर्यंत दोन पेट्या शेजारी ठेवून वर गादी-चादर टाकली की दिवाण तयार. आमच्याकडे आजही पाहुणे त्यावरच बसतात.

प्रत्येक पेटीवर पांढऱ्या रंगात नंबर आणि वहीत त्या नंबराखाली आतलं सगळं, अगदी लाटण्यापर्यंत. वहीच्या पानांचे फोटो फोनमध्ये. टीव्ही, फ्रिज, मशीन यांचेही चालू अवस्थेतले फोटो काढले. समोरून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनचे वाहतुकीचे बोल्ट (आतला ड्रम घट्ट धरून ठेवणारे) कंपनी देते. आम्ही ते पहिल्याच वर्षी भंगारात घातले होते, ते पुन्हा विकत घ्यावे लागले. फ्रिज आदल्या दिवशी बंद करून कोरडा केला, उभाच नेला आणि पोचल्यावर काही तास तसाच ठेवून मग चालू केला.

पैशाचं गणित जवानांच्या घरात कुणी नीट सांगत नाही म्हणून लिहिते. बदलीत सरकारी खर्चानं न्यायच्या सामानाची मर्यादा पे लेव्हलवर (पगाराच्या पायरीवर) असते. हे हवालदार, म्हणजे लेव्हल ५, त्यामुळे ३००० किलो. लेव्हल ४ आणि खाली १५०० किलो. शिवाय मूळ पगाराच्या ८० टक्के बदली अनुदान मिळतं. सामानाचा क्लेम मात्र खर्चाच्या पावतीवर आणि ठरलेल्या दराच्या आतच मिळतो, म्हणून बिल जीएसटी नंबरचं हवं, बिल्टी (वाहतूकवाल्याची मालाची पावती) हवी, काट्यावरची वजनाची चिठ्ठी हवी. प्रवास संपल्यापासून ६० दिवसांत क्लेम भरायचा. देवळालीला पोचल्यावर घर लावण्याच्या नादात आम्ही बावन्नाव्या दिवशी भरला. ह्यांचा क्लार्कशी थोडा वाद झाला, पण क्लेम पुढे गेला.

यावेळी वाहतूकवाल्याशी सगळं लेखी केलं: गाडी कुणाबरोबर वाटायची नाही, मध्ये सामान बदलायचं नाही, उतरवल्यावर वही तपासून मगच उरलेले पैसे. दोघांनी नकार दिला, तिसरा तयार झाला. त्याचे दर सर्वांत जास्त होते.

निघताना मार्च-आऊटचा, म्हणजे क्वार्टर परत सोपवण्याचा, दिवस वेगळा ठेवा. एमईएसचा (फौजेच्या इमारती सांभाळणाऱ्या खात्याचा) माणूस पंखे, नळ, बल्ब मोजतो, आणि तुटलेल्याचे पैसे बॅरॅक डॅमेजमध्ये लागतात. घरात शिरताना असलेले तडे आम्ही मार्च-इनच्या कागदावर लिहून ठेवले होते, म्हणून बेसिनचे पैसे वाचले. गॅसचे सिलिंडर ट्रकमध्ये घालू नका. एजन्सीत जमा करून कनेक्शन दुसऱ्या गावी नेण्याचं व्हाउचर घ्या. ते व्हाउचर, मुलाचा टीसी, सर्व्हिस कागद, दागिने, औषधं हे सगळं माझ्या हातातल्या पिशवीत होतं.

आणि एक पेटी सर्वांत शेवटी चढवायची, म्हणजे ती पहिली उतरते: कुकर, तवा, पोळपाट, तांदूळ-डाळ, चहा-साखर, चादरी, बल्ब आणि हातोडी. देवळालीला गाडी आली तेव्हा पाऊस सुरू होता. पेट्या ताडपत्रीखाली उतरवल्या. मी वही घेऊन दारात उभी, नंबर वाचत. ड्रायव्हरनं पोचपावती पुढे केली, तर मी म्हटलं, "थांबा भाऊ, अजून सात नंबर यायचाय."