पाच किलोपार्सेकचा घोळ

काल रात्री अडीच वाजता संगणकावरच्या सिम्युलेशनमधला माझा दीर्घिकासमूह फुगून विरून गेला. तिसऱ्यांदा! कारण सापडेपर्यंत पहाट झाली. सॉफ्टनिंग लेंथ (ज्या अंतराच्या आत कोड गुरुत्व मुद्दाम सौम्य करतो) ५ किलोपार्सेक हवी होती आणि फाईलचं एकक होतं मेगापार्सेक, म्हणजे हजारपट मोठं. मी नुसते ५ टाकून मोकळा. गुरुत्वच बोथट झालं, मग तापलेल्या वायूला धरून ठेवणार कोण? (गाईडना अजून सांगितलेलं नाही.)

करायचं आहे बुलेट क्लस्टर, म्हणजे दोन दीर्घिकासमूहांची टक्कर. कोडमध्ये कृष्णद्रव्याच्या (डार्क मॅटरच्या) कणांना फक्त गुरुत्व कळतं, ते एकमेकांतून आरपार जातात. वायूला दाब असतो. तो अडतो, तापतो, मागे पडतो. चंद्रा दुर्बिणीच्या क्ष-किरण चित्रात तो बाणाच्या टोकासारखा दिसतो. गुरुत्वीय भिंगातून (वस्तुमानाने वाकवलेल्या प्रकाशावरून) मोजलेलं वस्तुमान मात्र केव्हाच पुढे गेलेलं. हा निकाल २००६ चा.

मला खरी मजा वाटते ती वेगाची. वायूतली आघातलहर (शॉक वेव्ह) सेकंदाला सुमारे ४,७०० किलोमीटर. इतका वेग आला कुठून? २००७ मध्ये स्प्रिंगेल आणि फरार यांच्या सिम्युलेशनमध्ये खुद्द गोळीचा, म्हणजे आत घुसलेल्या छोट्या समूहाचा, वेग २,७०० च्या आसपासच निघाला. समोरचा वायूही तिच्याकडेच पडत होता ना!

फाईल दुरुस्त केली. रन रांगेत आहे, पुढे अकरा जण.