आयात पूर्ण, नोंदी शून्य: भातखाचरांची माहिती सॉफ्टवेअरमध्ये भरताना

"आयात पूर्ण झाली. जोडलेल्या नोंदी: ०." हिरवी चौकट, शेजारी बरोबरची खूण. हा संदेश ज्यांनी लिहिला त्यांना माझी एकच विनंती आहे. एकही नोंद आत गेली नसेल तर चौकट लाल करा, आणि कुठली ओळ कशामुळे अडली ते सांगा. पुढचं आम्ही निस्तरतो. पण काम झालं असं सांगून माणसाला कोऱ्या नकाशासमोर बसवू नका.

मी कळव्याला राहते. माहेरची शेती मुरबाड तालुक्यात, ती दादा बघतो. खरिपात भात, नंतर काही भागात भेंडी, उरलेल्या ओलीवर वाल आणि हरभरा. गावातल्या शेतकरी गटाने मिळून एक सॉफ्टवेअर घेतलं. एकरी ठरलेलं खत सरसकट न टाकता प्रत्येक तुकड्याची माती आणि तिथलं उत्पन्न बघून खताचं प्रमाण ठरवायचं, अशी कल्पना. मला ती मनापासून पटली. आमचं शेत मुळात एकसारखं नाहीच. वरच्या खाचरांत हातभर खाली मुरूम लागतो, ओढ्याकडच्या खाचरांत गाळ आहे आणि पाणी हलत नाही. दादाला हे डोळे मिटून सांगता येतं, सॉफ्टवेअरला मात्र तीन तक्त्यांतून सांगावं लागतं: शेताच्या सीमा, माती आणि उत्पन्न. ऑफिसात माझं दिवसभर एक्सेलचंच काम, म्हणून हे माझ्याकडे आलं. खातं उघडणं, गटाचा सांकेतिक क्रमांक टाकणं वगैरे पटकन झालं.

सीमांपासून सुरुवात केली. सातबाऱ्यावर क्षेत्र मिळतं, आकार मिळत नाही. महाभूनकाशा या जमिनीच्या नकाशांच्या सरकारी संकेतस्थळावर एकेका गट नंबराचा आकार दिसतो, पण आमच्या एका गट नंबरात पाच-सहा खाचरं आहेत, त्यांचे बांध तिथे नाहीत. दादा म्हणाला, "मोबाइल घेऊन बांधावरून चालतो, आखलं जाईल आपोआप." चालला. पण मोबाइलचा जीपीएस मोकळ्या आकाशाखालीसुद्धा चार-पाच मीटर इकडेतिकडे दाखवतो, झाडाखाली त्याहून जास्त. शंभर एकरांच्या शेताला त्याने काही बिघडत नाही. आमचं खाचर चार गुंठ्यांचं, म्हणजे साधारण वीस मीटर लांब, वीस मीटर रुंद. लांबी-रुंदी पाच-पाच मीटरने वाढली की चारचे सहा गुंठे होतात आणि खताचा हिशेबही त्याच पटीत फुगतो. लहान खाचरं असतील त्यांनी गूगल अर्थमध्ये उपग्रहाच्या चित्रावर बांध बघून रेघ मारावी. भात कापल्यानंतरचं चित्र निवडावं, बांध स्वच्छ दिसतात. नंतर क्षेत्र सातबाऱ्याशी ताडून बघावं. सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतं; १ एकर म्हणजे ४० गुंठे, म्हणजेच ४०.४७ आर.

आता मुख्य अडथळा. सॉफ्टवेअरला सीमा 'शेपफाइल'मध्येच हव्या होत्या. ही नावाला एक, प्रत्यक्षात चार फाइल्सची जुडी असते: एसएचपीत आकार, एसएचएक्समध्ये त्याची अनुक्रमणिका, डीबीएफमध्ये तक्ता आणि पीआरजेमध्ये अक्षांश-रेखांश कुठल्या पद्धतीचे आहेत त्याची नोंद. चारही एकाच झिपमध्ये घालून द्यायच्या. गूगल अर्थची फाइल क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडून शेपफाइल करता येते. अक्षांश-रेखांशांची पद्धत विचारली की 'डब्ल्यूजीएस ८४', म्हणजे जीपीएस वापरतो ती, निवडायची. एवढं केलं आणि सीमा चढल्या, नकाशावर आमची खाचरं दिसली. पाठोपाठ मातीचा तक्ता दिला आणि ती हिरवी चौकट आली.

मदत केंद्राला लिहिलं. उत्तर आलं की फाइल नमुन्याप्रमाणे आहे का तपासा, सोबत तक्ता कसा भरायचा ते दाखवणारी त्यांची नमुना फाइल. तपासलं, तंतोतंत होती, तसं कळवलं. उत्तर आलं, ब्राउझर बदलून बघा. बदलला. मग फोन केला. पलीकडचा मुलगा अदबीने बोलत होता, पण त्याच्यासमोरही माझ्यासारखीच हिरवी चौकट. "मॅडम, इथे तर सक्सेस दाखवतंय." मी म्हटलं, "त्याच्या खालचा आकडा वाचा ना." तो थांबला, म्हणाला, "हो, शून्य आहे. टेक्निकल टीमला कळवतो." टेक्निकल टीमकडून आली ती पुन्हा नमुना फाइल. तिकडे पेरणी जवळ येत होती आणि दादा रोज विचारत होता, "अगं, खताचं काय करू? सोसायटीत युरिया आलाय, उचलू का?" त्याला सांगायला माझ्याकडे काही नव्हतं. चिडचीड व्हायची ती त्यामुळे.

शेवटी मदत केंद्राचा नाद सोडला आणि क्यूजीआयएसमध्ये सीमांच्या फाइलमागचा तक्ता उघडला. सीमा आणि माती हे दोन तक्ते एका सामाईक रकान्याने जोडले जातात. त्या रकान्याचं नाव दोन्हीकडे अक्षर न् अक्षर सारखं लागतं. नमुन्यातलं ते नाव चांगलं लांबलचक इंग्रजी. आणि शेपफाइलच्या तक्त्यात रकान्याचं नाव १० अक्षरांपेक्षा मोठं राहूच शकत नाही, उरलेली अक्षरं न सांगता कापली जातात. म्हणजे मातीच्या तक्त्यात पूर्ण नाव, सीमांच्या तक्त्यात कापलेलं. दोन्ही जुळणार कसे? जी अट त्यांनीच मागितलेल्या फाइलमध्ये पाळता येत नाही, ती नमुन्यात घालून ठेवली होती. मातीच्या तक्त्यातही तेच कापलेलं नाव ठेवलं आणि नोंदी आत जायला लागल्या.

लागल्या, पण सगळ्या नाहीत. जोडणीच्या रकान्यात मी गट नंबर टाकले होते. साध्या आकड्याचे गेले, हिश्श्यांचे अडले. मग मातीच्या तक्त्याची सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकुराची फाइल, नोटपॅडमध्ये उघडली आणि कारण समोर आलं. गट नंबर ८/३ होता, तिथे '८ मार्च'. १२/५ च्या जागी '१२ मे'. एक्सेलला आकडा, तिरकी रेघ, आकडा दिसला की ते तारीख समजतं. रकाना आधी 'टेक्स्ट' ठरवला तरी उपयोग नाही, कारण सीएसव्हीत रकान्याचा प्रकार साठवलाच जात नाही. फाइल दोनदा क्लिक करून पुन्हा उघडली की परत तारीख. महाराष्ट्रात हिश्श्याचे गट नंबर असेच लिहितात, तेव्हा हे प्रत्येकाला भोवणार. उपाय असा की तिरकी रेघ टाळून ८_३ असं लिहा. त्याहून चांगलं म्हणजे गट नंबर वेगळ्या रकान्यात ठेवा आणि जोडणीसाठी खाचराला स्वतःचं नाव द्या. आमच्या घरी नावं होतीच: वरचा माळ, चिंचेखालचं, ओढ्याकडचं थोरलं, ओढ्याकडचं धाकटं. तीच इंग्रजी अक्षरांत लिहिली. देवनागरीत लिहायची मला इच्छा होती, पण साधी सीएसव्ही केली की देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात. 'सीएसव्ही यूटीएफ-८' निवडलं तर अक्षरं टिकतात, तरी पुढचं सॉफ्टवेअर ती नीट वाचेलच असं नाही. आकड्यांचंही तेच. दादाने मोबाइलवर मराठी कीबोर्डने टाकलेला ८ आणि मी टाकलेला इंग्रजी ८ कॉम्प्युटरला दोन वेगळी अक्षरं वाटतात.

अक्षांश-रेखांशांचं राहिलंच. मातीचा नमुना जिथून घेतला ती जागा 'एक्स' आणि 'वाय' अशा रकान्यांत मागतात. आपण बोलताना अक्षांश आधी म्हणतो, पण एक्स म्हणजे रेखांश. मुरबाडकडे अक्षांश १९ च्या आणि रेखांश ७३ च्या पुढे असतो. उलट भरलं तर नमुना नॉर्वेच्याही उत्तरेला, समुद्रात जाऊन पडतो. आणि अंश-मिनिटांत लिहिलेलं असेल तर मिनिटांना ६० ने भागा: १९ अंश १५ मिनिटं म्हणजे १९.२५, १९.१५ नव्हे. हा फरक जमिनीवर ११ किलोमीटरचा आहे.

माती परीक्षणाचा अहवाल हातात असला तरी आकडे जसेच्या तसे उतरवू नका. २०१५ साली सुरू झालेल्या जमीन आरोग्य पत्रिकेत १२ घटक मिळतात: सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि जस्त, लोह, तांबे, मंगल (मँगनीज), बोरॉन. पत्रिका उपयोगी आहे, पण तिचा नमुना कोरडवाहूत १० हेक्टरांच्या आणि बागायतीत अडीच हेक्टरांच्या चौकटीतून घेतात. खाचराखाचरातला फरक त्यात उतरत नाही. आम्ही खाचरांचे तीन गट पाडून वेगळे नमुने दिले. भात कापल्यावर, खत टाकण्याआधी, पंधरा सेंटिमीटर खोल खड्डा, नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणची माती एकत्र, त्यातली अर्धा किलो. जस्त-लोह तपासायचं असेल तर खड्ड्याच्या कडेची माती लाकडी पट्टीने खरवडून घ्या, लोखंडी अवजार लावू नका.

अहवालात नत्र-स्फुरद-पालाश हेक्टरी किलोत असतं. आमच्या सॉफ्टवेअरला ते पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग असं, हवं होतं, आणि ही गोष्ट रकान्याच्या नावावर नव्हे, मदतीच्या पानाच्या तळाशी लिहिली होती. वरच्या पंधरा सेंटिमीटर थरासाठी हेक्टरी किलोला २.२४ ने भागायचं. नत्र २५० असेल तर साधारण ११२. न भागता भरलं तर जमीन दुपटीहून जास्त सकस दिसते आणि खताची शिफारस तेवढीच खाली येते. स्फुरदाबाबत प्रयोगशाळेला एक प्रश्न जरूर विचारा: हा आकडा मूलद्रव्याचा की ऑक्साइडचा? मूलद्रव्याचा ऑक्साइड करायला स्फुरदाला २.२९ ने आणि पालाशाला १.२ ने गुणतात. जो घटक तपासलाच नाही, त्याची चौकट रिकामी ठेवा. समजा बोरॉनला शून्य लिहिलं, तर सॉफ्टवेअर तो मातीत अजिबात नाही असं धरून चालतं.

उत्पन्नाला फार वेळ लागला नाही, पण समाधानही झालं नाही. हे सॉफ्टवेअर ज्या शेतांसाठी बनलंय तिथे कापणी यंत्रावरच्या उत्पन्नमापकाकडून जागोजागचे आकडे येतात. आमच्याकडे विळ्याने कापणी आणि दादाच्या वहीत खंडी-मणांचा हिशेब. खंडीचं वजन गावागणिक बदलतं, म्हणून गिरणीवर वजन करून क्विंटल काढले आणि प्रत्येक खाचराला एकच आकडा दिला. एकरी क्विंटलला ०.२४७ ने गुणलं की हेक्टरी टन मिळतात. एकरी १४ क्विंटल म्हणजे हेक्टरी साधारण साडेतीन टन. ओलावाही सारखा करून घ्या. २० टक्के ओलाव्याचं १०० किलो भात १४ टक्क्यांवर ९३ किलोच भरतं.

सॉफ्टवेअर उपग्रहाचा हिरवाईचा नकाशाही दाखवतं. आमच्या भातासाठी त्यावर मी भरवसा ठेवत नाही. सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या चित्रातली एक चौकट १० मीटरची, म्हणजे चार गुंठ्यांच्या खाचरात मोजून चार चौकटी, त्यातही बांधावरचं गवत मिसळणार. आणि जुलै-ऑगस्टमध्ये मुरबाडवर ढग हटतात कुठे!

सगळं आत गेल्यावर नकाशा उघडला तो दिवस मला लक्षात राहील. ओढ्याकडची दोन्ही खाचरं उत्पन्नात तळाला, आणि तिथलंच जस्त ०.४ पीपीएम. ०.६ च्या खाली कमतरता धरतात. तिथला भात दर वर्षी लावणीनंतर खालच्या पानांवर तांबूस ठिपके धरतो आणि दादा दर वर्षी वरून युरिया देतो. मी त्याला फोनवर आकडा सांगितला. तो म्हणाला, "तरीच. पाणी साचतं म्हणून असेल, एवढंच धरून चाललो होतो." साचलेल्या पाण्यात जस्त पिकाला कमी मिळतं, त्यामुळे त्याचंही खरंच होतं. त्या दोन खाचरांना झिंक सल्फेट द्यायचं ठरलं, हेक्टरी २५ किलोच्या हिशेबाने. युरियाची जादा गोणी या वेळी उचलली नाही.

रकान्याच्या नावाबद्दल मी मदत केंद्राला सविस्तर लिहून पाठवलं, दोन्ही तक्त्यांच्या चित्रांसह. नमुना फाइल अजून तीच आहे. आमच्या गटातल्या बाकीच्यांसाठी मी नवीन नमुना केला: छोटं रकान्याचं नाव, पीपीएमचं गणित आधीच घातलेलं, गट नंबर वेगळा. पुढच्या कापणीला दादा प्रत्येक खाचराचं भात वेगळ्या ताडपत्रीवर झोडून वेगळं तोलणार आहे, आणि ओलावा मोजायचं यंत्र गटाने घ्यावं असं मी बैठकीत मांडलंय.